संजू, त्या डब्यांवर काय लिहिलंय ते आधी वाच

प्रिय संजू,

तुझा लिव्हरचा रिपोर्ट आणि शिबिरातून आणलेल्या त्या औषधांच्या डब्यांचे फोटो दोन्ही बघितले. व्हॉट्सॅपवर उत्तर लिहायला घेतलं तर ते लांबतच गेलं, म्हणून सरळ पत्रच लिहायलोय. पूर्ण वाच आणि वहिनींना पण वाचायला दे, कारण घरात स्वयंपाकाचं आणि गोळ्यांचं त्याच बघतात.

पहिलं म्हणजे घाबरू नको. एसजीपीटी ८८, एसजीओटी ५२, सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर, असले रिपोर्ट आमच्या लॅबमधून रोज जातात रे, सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत घरोघरी एक तरी सापडेल. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीतलं एन्झाइम आहे (एसजीओटी पण तसलंच), पेशीला मार लागला की ते रक्तात सांडतं. म्हणजे त्या आकड्यावरून कळतं की आत काहीतरी जळजळ चालूय, लिव्हर काम किती करतंय ते त्यातून कळत नाही. ते बघायचं असेल तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ती पीटी-आयएनआर टेस्ट, आणि तुझं हे तिन्ही व्यवस्थित आहे. उलटं पण होतं हां, सिरॉसिस, म्हणजे लिव्हर पार कडक झालेल्या माणसाचं एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर खूश पण होऊ नये आणि रडू पण नये. ग्रेड टूचंही तसंच, सोनोग्राफी चरबी किती ते सांगते, लिव्हर आतून कडक व्हायला लागलंय का ते सांगत नाही, आणि खरी काळजी त्या कडकपणाची असते.

त्यासाठी एक फिब-फोर म्हणून साधा हिशोब आहे. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट आणि एसजीपीटीच्या वर्गमुळाच्या गुणाकारानं. तुझं वय ४४, प्लेटलेट २ लाख १० हजार म्हणजे हिशोबात २१० धरायचे, उत्तर आलं १.१६. १.३ च्या खाली असलं की लिव्हर फार कडक झालेलं असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं की लिव्हरच्या डॉक्टरकडे जायलाच पाहिजे. तू खालच्या बाजूला आहेस. हे तुला त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नाही याचा मला राग आहे. दोन मिनिटांत फाईल बघितली, "फॅटी आहे, वजन कमी करा" म्हणाले आणि लिव्हर टॉनिकची बाटली लिहून दिली. वजन कसं कमी करायचं, किती करायचं, एक शब्द नाही. मग माणूस जिथं कुणीतरी अर्धा तास बसवून ऐकून घेतंय तिथं जाणारच की बे. तू त्या शिबिरात गेलास त्यात तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण तिथून जे घेऊन आलास त्याच्याबद्दल बोलायचंय.

तीन डबे. एक गुळवेल कॅप्सूल, दुसऱ्यात हळदीतलं करक्युमिन ९५ टक्के, वर मिरीचं पायपरीन, आणि तिसरी ती सुट्टी पुडी जिच्यावर लेबलच नाही, नुसतं हातानं "लिव्हर शुद्धी" लिहिलंय. आणि हे तिन्ही चालू करून तू कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीस, कारण शिबिरातल्या माणसानं सांगितलं की ती लिव्हर खराब करते. संजू, ती गोळी आजपासून परत चालू करायला तुझ्या डॉक्टरांना विचार, फोनवर विचार पण विचार. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला स्टॅटिन, म्हणजे ती कोलेस्टेरॉलची गोळी, चालते, बऱ्याच जणांना ती द्यायलाच लागते, कारण फॅटी लिव्हरवाल्याला जास्त धोका हार्टचा असतो. तुझ्या वडिलांना काय झालं ते तुला मी सांगायला नको.

आता गुळवेल. कोरोनात आपल्याकडं प्रत्येक घरात काढा उकळत होता, आमच्या गल्लीत तर कुंपणावरचा वेल ओरबाडून नेत होते लोकं. त्याच काळात मुंबईच्या डॉक्टरांना कावीळ झालेले सहा पेशंट सापडले ज्यांनी गुळवेल घेतली होती, ते २०२१ ला छापून आलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, म्हणाले की वनस्पती नक्की कुठली होती ते तपासलं नाही, तशीच दिसणारी दुसरी जात असेल. मग २०२२ ला देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ पेशंटची माहिती आली. गुळवेल घेणाऱ्या सगळ्यांना असं होतं असं नाही, लाखो लोकांनी घेतली आणि काही झालं नाही. पण ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटायची शक्यता असते, त्यांच्यात ती चेतवली जाऊ शकते, आणि तू त्यातला आहेस का नाहीस ते आधी कुणालाच कळत नाही.

हळदीचं पण असंच. आमटीतली हळद काढून टाक असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण चिमूटभर हळद आणि ९५ टक्के अर्क ह्यात फरक आहे. करक्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी जातं, १९९८ ला बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की पायपरीन सोबत दिलं की माणसात ते वीसपट वाढतं, म्हणून कंपन्या ते घालतात. आणि जे वीसपट आत जातं त्याचा निकाल लिव्हरलाच लावायचा असतो. अशा कॅप्सूलनं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस इटली, अमेरिका दोन्हीकडं नोंदल्यात.

मला इंग्रजी औषधांची बाजू घ्यायची नाहीये बरं का. टीबीच्या गोळ्या, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, ह्यांनी आपल्या देशात किती जणांचं लिव्हर बिघडतं ते आम्ही रिपोर्टमध्ये बघतोच. साधं पॅरासिटामोल, तेही मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं तर लिव्हर निकामी करू शकतं. फरक एवढाच की तिथं हे माहीत आहे, डोस लिहिलेला आहे, टीबीच्या पेशंटची एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी करतात, पॅरासिटामोलवर उतारा म्हणून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन आहे. तुझ्या त्या पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, मग बिघडलं तर डॉक्टर उपाय कशावर करणार.

जुन्या औषधात काही नाही असंही नाही. लिव्हरची अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी, ते आम्ल मुळात अस्वलाच्या पित्तात सापडलेलं, चीनमध्ये शेकडो वर्षं ते पित्त औषध म्हणून वापरत होते. मग ते प्रयोगशाळेत बनवायला लागले, ट्रायल झाल्या आणि आज पित्तनलिकांच्या एका आजारात ते पहिलं औषध आहे. उलट आपली भुईआवळी बघ. १९८८ ला मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये छापलं की हिपॅटायटिस बी च्या बऱ्याच वाहकांच्या रक्तातून व्हायरसची खूण गेली, सगळीकडं आशा पसरली, पण नंतरच्या ट्रायल्समध्ये तसं परत दिसलं नाही. दोन्ही जुन्या औषध-परंपरेतूनच आलेली, दोन्हीला एकच प्रश्न विचारला, तपासून बघितलं तर खरंच गुण येतो का, एक टिकलं एक नाही टिकलं. मला तोच प्रश्न पटतो, औषध कुठल्या पॅथीचं आहे त्यानं मला फरक पडत नाही.

तू म्हणशील की काकूंनी लहानपणी तुझी कावीळ माळ घालून उतरवली होती. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा सगळीकडं लोकं अजून जातात, हातावर चुन्याचं पाणी चोळतात, नाकात थेंब टाकतात, एरंडाच्या पानाचा रस देतात. लहान पोरांची कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए ची, खराब पाण्यातनं आलेली, आणि ती थोड्या आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय माळेला जातं. पण पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, स्वादुपिंडाची गाठ आहे किंवा गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झालाय, तर माळ घालून वाट बघण्यात जे दिवस जातात तेच जिवावर येतात. आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, लोकं साठवून पितात, त्यामुळं हे मला जास्तच सांगावंसं वाटतं, पाणी उकळूनच पी.

मग तुझं नीट कशानं होईल? लिव्हर मोठ्या मनाचा अवयव आहे, ऑपरेशननं निम्म्याहून जास्त कापलं तरी उरलेलं परत वाढतं. वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं की सूज उतरते, १० च्या पुढं गेलं तर कडकपणा पण मागं फिरू शकतो. तुझं ८६ किलो, म्हणजे सहा किलो हे पहिलं टार्गेट. त्यासाठी बाजरी-ज्वारीची कडक भाकरी आपली आहेच, पण मालदांडी ज्वारीची असली म्हणून चार नाही, दोन. शेंगाची चटणी ठेव, तेल मात्र वरून ओतू नको. चहातली साखर, कोल्ड्रिंक, पॅकचा ज्यूस बंद. बिनसाखरेची कॉफी चालते, कॉफी पिणाऱ्यांच्यात लिव्हर कडक होणं कमी दिसलंय. शनिवारची दारूची बैठक बंद कर, कमी नाही, बंद. संध्याकाळचं चालणं असं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रात्री लवकर जेव, झोप नीट घे.

इथल्या एका जुन्या वैद्यांना मी तुझ्याबद्दल विचारलं होतं, नाव न सांगता. त्यांनी नाडी-बिडी राहू दे म्हणत पहिले पंधरा मिनिटं तू काय खातोस, कधी झोपतोस, किती चालतोस हेच विचारलं, आणि शेवटी सांगितलं ते जवळजवळ हेच होतं. आरोग्यवर्धिनी ही आयुर्वेदिक गोळी द्यायची का विचारलं तर म्हणाले, त्यात पारा आणि ताम्रभस्म असतं, रिपोर्ट बघितल्याशिवाय आणि पेशंट समोर असल्याशिवाय मी देत नाही. असा वैद्य असला तर मी स्वतः तुला घेऊन जाईन. मला भीती वाटते ती जो काय खातोस ते न विचारताच डबे देतो त्याची.

तर आज हे कर. तिन्ही डबे बंद, फेकू नको, पुडी जपून ठेव, काही झालंच तर डॉक्टरांना दाखवायला लागेल. डायबेटिसची गोळी अजिबात थांबवू नको. लघवी गडद पिवळी व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, सारखी उलटी किंवा गुंगी आली तर मला फोन करत बसू नको, त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलला जा. आणि कुठंही गेलास तरी हे डबे घेत होतो हे सांग. लोकं डॉक्टरांपासून काढा लपवतात आणि वैद्यापासून गोळ्या, तसं करू नको.

आज बंद केलंस तर गड्ड्याच्या जत्रेपर्यंत दीडेक महिना होतो. गड्ड्याला येणारच आहेस, तर सकाळी उपाशीपोटी ये, रक्त आमच्याकडंच दे, एलएफटी, शुगर, लिपिड आणि हिपॅटायटिस बी-सी एकदा बघून घेऊ, बी-सी तू कधी केलेलं नाहीस. रिपोर्ट संध्याकाळी मी स्वतः घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद