ढेकणांवर डायटोमेशियस अर्थ: कोरडी आणि विरळ

नाशिक

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. पंचवटीतल्या वाड्यात ढेकूण झालेत आणि त्यावर डायटोमेशियस अर्थ ही मातीसारखी पूड मागवतोयस, ठीक. पण पाकीट वाचून घे. फूड ग्रेड, म्हणजे खाण्याच्या दर्जाची हवी, स्फटिकी सिलिका 1 टक्क्याच्या आत. स्विमिंग पूलच्या फिल्टरची पूड भट्टीत भाजलेली असते, तिच्यात स्फटिकी सिलिका बरीच. ती फुफ्फुसाला घातक, घरात नकोच. फूड ग्रेड झाली तरी नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. एन-95 मास्क लाव, पंखा बंद ठेव, काकूंना आणि पोरांना तेवढा वेळ ओसरीवर बसव.

हे पोटात जाऊन मारणारं विष नव्हे. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची ही पूड ढेकणाच्या अंगावरचं मेण शोषते, मग अंगातलं पाणी उडून तो वाळून मरतो. म्हणून ओल लागली की काम थांबलं. श्रावणात गोदाकाठच्या ओलसर भिंतीला लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की लाग.

आधी चादरी, उशांचे अभ्रे कडकडीत गरम पाण्यात धू, पलंग भिंतीपासून वीतभर ओढ. सॉसची पिळायची बाटली खडखडीत वाळव, अर्ध्याहून कमी भर, आत चार कोरडे खडे टाक म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तोंड वर ठेवून हलकेच दाब. पुडीचा नुसता धूर निघाला पाहिजे. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांच्या खालच्या कडा, भिंतीच्या भेगा, चौकटीमागची फट, एवढ्याच जागा. थर जेमतेम दिसेल इतकाच. ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातो, इथेच बहुतेकांचं फसतं. दहा बाय बाराच्या खोलीला शंभर ग्रॅमच्या वर गेलास तर हात सैल सुटलाय समज. गादीवर, चादरीखाली, स्विचबोर्डात अजिबात नको.

दोन दिवसांत गुण येत नाही. आठवडा-दोन आठवडे धर. अंडी याने मरत नाहीत, पण पिल्लं बाहेर पडली की त्याच पुडीवरून चालतात. म्हणून ती पुसायची नाही. फटींच्या आसपास ओलं फडकं नको, वर स्प्रे तर नकोच, ओली झालेली पूड निकामी. पलंगावरच झोपत राहा. माणूस दुसऱ्या खोलीत गेला की ढेकूणही मागोमाग जातात, आणि एकाच्या दोन खोल्या होतात. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर त्यांनाही सांग, लाज कसली. शेवटी फटींबाहेर, जमिनीवर सांडलेली पूड तेवढी ओल्या कापडाने टिप, झाडू मारू नकोस.

मोरीतल्या झुरळांना हिचा उपयोग नाही, तिथे ओल असते, झुरळं मारायचं जेल लाव. वाळवीलाही नाही, ती मातीच्या ओल्या नळीतून चालते. गव्हाच्या कोठीत घालू का विचारलंस, तर घरच्या दोन पोत्यांसाठी नको. दळणात कचकच येईल. कडक ऊन दे आणि पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या