सवलत मिळाली, पण पायरी उंचच राहिली

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे मी गेली चाळीस वर्षे कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) आणि कुबडीच्या आधाराने चालतो. एसटीच्या भाड्यात मला ७५ टक्के सवलत आहे, बसमध्ये राखीव आसनही आहे. मात्र त्या आसनापर्यंत पोहोचण्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीची पायरी चढावी लागते आणि दर वेळी कोणीतरी काखेत हात घालून मला वर घ्यावे लागते. तिकिटाचे पैसे वाचतात, पण एकट्याने प्रवास करता येत नाही.

गेल्या मे महिन्यात एका दाखल्यासाठी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात गेलो असता ते काम पहिल्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नव्हती. शिपायाने वर निरोप दिला, लिपिक खाली आले आणि मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी माझी सही घेतली. त्या दोघांचे उपकार मी मनापासून मानतो. पण त्याच पोर्चमध्ये व्हीलचेअरवर बसलेल्या एका तरुणाला, त्याच्या टेबलाचे कर्मचारी रजेवर असल्याने आणि वर जाऊन दुसऱ्या कोणाला विचारता येत नसल्याने, खान्देशच्या त्या उन्हात तसेच गावी परतावे लागले. माझे काम झाले ते लिपिक चांगले होते म्हणून. त्या कार्यालयात जाण्याची सोय होती म्हणून नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४५ प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवणारा या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

रॅम्प कुठेच नाहीत असे मी म्हणणार नाही. मानकाप्रमाणे एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. जोते दोन फूट उंच असेल तर चोवीस फूट. आपल्याकडे तेवढीच उंची सहा-सात फुटांत संपवली जाते, वर गुळगुळीत फरशी बसवतात, कठडा एकाच बाजूला असतो किंवा नसतोच. अशा उतारावरून व्हीलचेअर स्वतः ढकलून वर नेणे अशक्य आहे आणि पावसाळ्यात त्यावर कुबडी हमखास घसरते. एवढे करूनही रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावलेल्या असतात. रॅम्प बांधल्याची नोंद कागदावर होते, पण तो वापरून पाहा असे आमच्यापैकी कोणालाही कधी कोणी सांगितलेले नाही.

माझ्या परिचयातील एक अंध गृहस्थ बसस्थानकावर दर गाडीपाशी जाऊन "भाऊ, कुठली गाडी ही?" असे विचारत फिरतात, कारण फलक त्यांना दिसत नाही आणि ध्वनिक्षेपक बंद असतो. तो सुरू ठेवायला फारसा खर्च येत नाही.

सातपुड्यातील अवस्था याहून बिकट आहे. धडगाव-मोलगी परिसरातल्या पाड्यावरील दिव्यांगाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी नंदुरबारला यायचे तर घाट उतरावा लागतो, सोबत माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते, आणि एकाच फेरीत काम होईल याची खात्री नसते. प्रमाणपत्राशिवाय पुढची एकही योजना नाही. डोंगरातल्या रुग्णालयांमध्ये ठरलेल्या तारखांना तज्ज्ञांची तपासणी शिबिरे नियमित घेतली, तर हा भार पुष्कळ हलका होईल.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. रॅम्पचा खर्च मात्र या निधीतून दाखवला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिना बांधताना कोणी वेगळा निधी शोधत नाही. रॅम्पही इमारतीचाच भाग आहे.

माझी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला विनंती आहे की, तहसील, पंचायत समिती, नगरपालिका, रुग्णालये आणि बसस्थानके यांची पाहणी स्थानिक दिव्यांगांना सोबत घेऊन करावी आणि त्या पाहणीचा अहवाल प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावा. मानके न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, हे वर सांगितलेल्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये आधीच लिहिलेले आहे. जुन्या इमारतींत लिफ्ट बसेपर्यंत, नागरिकांचा रोज संबंध येणारी टेबले तळमजल्यावर आणावीत. त्यासाठी कोणत्याही निविदेची गरज नाही. एका कार्यालयीन आदेशाने ते येत्या सोमवारपासून होऊ शकते.

आपला विश्वासू,
एक दिव्यांग वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव