बघणाऱ्यालाही जागा ठेवा साहेब! क्रीडामंत्र्यांना मिरजेतून खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी मिरजेचा. खेळाडू नाही, कोच नाही, कुठल्या असोसिएशनचा पदाधिकारी तर अजिबातच नाही. मी बघणारा. शाळेत असल्यापासून फुटबॉलच्या मॅचेस बघत आलोय आणि हे पत्र बघणाऱ्यांच्या बाजूनं लिहितोय, कारण तुमच्या खात्याच्या कागदावर बघणारा माणूस कुठं दिसतच नाही. खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव मार्क आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, असायलाच पाहिजे, त्याबद्दल काय म्हणणं नाही. संकुलाला निधी आहे, उद्घाटनाला फीत आहे. बघणाऱ्याला काय, तर गेटचं कुलूप आणि "आत कुठं चाललाय?" म्हणणारा वॉचमन.

मागच्या सीझनची एक मॅच सांगतो. ग्राउंडचं नाव घेत नाही, उगाच कुणाला तरी नोटीस जायची. सेकंड हाफ रंगलेला, एक-एक बरोबरी, आणि एकदम कर्ण्यावरनं घोषणा की प्रमुख पाहुण्यांचं आगमन होत आहे, दोन्ही संघांनी मध्यभागी रांगेत उभं राहावं. झाली मॅच बंद. घामानं निथळलेली पोरं उभी, शाल, श्रीफळ, फेटे, एकेकाशी हस्तांदोलन, फोटोवाला म्हणतोय परत एकदा हात मिळवा साहेब, मग "दोन शब्द" आणि ते दोनावर थोडीच थांबतात. स्टेज कुठं बांधलेलं, तर बरोबर सेंटरलाईनसमोर, साईडलाईनला चिकटून, म्हणजे जिथनं मॅच सगळ्यात भारी दिसते तिथं सोफे आणि बाकी पब्लिक गोलपोस्टच्या मागं कंपाऊंडला. तोवर अंधार पडला. टायब्रेकर मोबाईलच्या बॅटऱ्यांवर झाला आणि शेवटचा बॉल लाईनच्या आत होता का बाहेर यावर आमच्या गल्लीत अजून भांडणं चाललीत.

पूर्वी पाहुणा नसायचा असं नाही हो. यायचा, पण मॅच सुरू व्हायच्या आधी यायचा, नारळ फोडायचा आणि खुर्चीवर गप बसायचा. खुर्च्या चारपाचच असायच्या, शाळेतनं आणलेल्या. मॅच चारला म्हणजे चारला, कारण नव्वद मिनिटं आणि मधली विश्रांती धरली तर पावणेसहाला खेळ संपतो आणि थंडीतसुद्धा तेवढा उजेड आपल्याकडं असतो. दिव्याचा प्रश्नच येत नव्हता. आता फ्लडलाईटसाठी निधी मागणारे अर्ज तुमच्याकडं येत असतील, तर त्यातल्या निम्म्या लोकांना एवढंच विचारा की मॅच चारला का सुरू होत नाही.

आम्ही पोरं तीनलाच हजर. तेव्हा फक्की, म्हणजे ग्राउंडच्या रेघांची पांढरी पूड, मारायचं काम चालू असायचं. एक माणूस डब्याला खालनं भोकं पाडून तो आपटत आपटत दोरीच्या कडेनं उलटा चालत जायचा, पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्याला आला की थांबून पावलं मोजायचा, आणि आम्ही त्याच्या मागनं. ती पांढरी रेघ चप्पलला लागली तर शिवी मिळायची. जाळीला भोक पडलेलं असायचं तिथं सुतळी. मग पंच यायचा, जाळी ओढून बघायचा, मान हलवायचा आणि तसंच चालवून घ्यायचा.

आणि मग ती गर्दी. लाईनपासून दोन हातावर दोरी आणि दोरीला टेकून माणसं, पुढं पोरं मांडी घालून, मागं उभे असलेले, त्यांच्या मागं सायकलच्या कॅरिअरवर उभे राहिलेले, आणि भिंतीवर जे बसलेत ते तर दुपारपासनंच बसलेत. लाईनमन पळत यायचा आणि झेंड्याच्या काठीनं आमचे पाय मागं सारायचा, "पाय घ्या रे, पाय घ्या". विंगर आमच्या अंगावरनं जायचा तेव्हा त्याचा श्वास ऐकू यायचा, बॉलला बूट लागल्याचा आवाज पोटात बसायचा. टीव्हीवर हा आवाज येत नाही साहेब, कितीही मोठा टीव्ही घ्या. भडंगाची पुडी, खारे दाणे, एक हलगी, एक घुमकं, आणि समालोचक. आमच्याकडचा समालोचक म्हणजे वेगळीच चीज, निम्मा वेळ मॅच सांगायचा आणि निम्मा वेळ बक्षिसं. पब्लिकमधला कोणतरी पानपट्टीवाला किंवा रिटायर झालेला रेल्वेवाला चिठ्ठी पाठवायचा आणि कर्ण्यावर यायचं की पुढचा गोल करणाऱ्याला अमक्यांकडून एकावन्न रुपये. लगेच समोरच्या बाजूनं चिठ्ठी यायची, गोल अडवणाऱ्या गोलकीला एकशे एक! ही आमची स्पॉन्सरशिप होती. बघणारा पैसे लावायचा आणि त्याचं नाव सगळ्या ग्राउंडला ऐकू जायचं, फ्लेक्स लागत नव्हता.

हाफ टाईम तर मला मॅचपेक्षा आवडायचा. टीम गोल करून गवतावर बसायची, लिंबाच्या फोडी फिरायच्या आणि आमची सगळी पब्लिक त्या गोलाच्या भोवती अजून एक गोल करून उभी. कोच काय झापतोय ते सगळ्यांना ऐकू यायचं. "तू बॅक आहेस का पाहुणा आहेस" असं तो फुलबॅकला म्हणायचा आणि मागनं कुठलातरी म्हातारा सल्ला द्यायचा की लेफ्टनं खेळवा, त्यांचा राईट बॅक दमलाय. आणि कोच ऐकायचा पण! कारण म्हातारा बरोबर असायचा. तो त्या जागेवर वर्षानुवर्षं उभा होता, त्याला ग्राउंडचा उतार कुठं आहे तेसुद्धा पाठ.

मोठी मॅच बघायची तर कोल्हापूर. मिरजेतनं पॅसेंजर पकडायची, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत जायची, प्रत्येक स्टेशनला अजून चार माणसं चढायची आणि डबा कोल्हापूरला पोचेपर्यंत दोन पार्टीत फुटलेला असायचा. पाटाकडील का शिवाजी, दिलबहार का प्रॅक्टिस, खंडोबा का बालगोपाल, ह्या सगळ्या कोल्हापूरच्या टीमा. आमचा त्या पेठांशी काही संबंध नाही, ना पाव्हणे तिथले ना घर, तरी माणूस एकदा ठरवून बसला की बसला. आमचे मामा दिलबहारचे. का, विचारलं तर म्हणायचे नाव चांगलं आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेपेठेनं बसलेली ती गर्दी बघितली की कळतं बघणारे काय असतात. तिथली टीम म्हणजे तालीम आणि तालमीची पेठ, त्यामुळं लेफ्ट विंगर हा शेजारच्या घरातला पोरगा असतो, सकाळी दुधाला भेटतो आणि संध्याकाळी त्याच्यासाठी घसा बसतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, ते काय हवेतनं आलं का? पोरगं लहानपणी लाईनवर मांडी घालून बसतं तिथं सुरुवात होते असं माझं तरी मत आहे.

आता जुनं ते सगळं सोनं असं म्हणणारा मी नाही. दगडं पडायची. हुल्लडबाजी व्हायची आणि अजून होते, कोल्हापुरात त्यापायी मॅचेस बंद पडल्यात. आणि बायका? माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा जास्त फुटबॉल वेडी, पण तिनं सगळ्या मॅचेस ग्राउंडशेजारच्या मैत्रिणीच्या गच्चीवरनं बघितल्या. तिथनं फक्त एकच गोलपोस्ट दिसायचा, दुसरीकडं गोल झाला की आमच्या ओरडण्यावरनं ओळखायची कुणी मारला. ग्राउंडला बायकांसाठी बसायला जागा नाही, बाथरूम नाही, वर शिव्या. ते दिवस जसेच्या तसे परत द्या म्हणायची माझी हिंमत नाही, तिनं माझं डोकं फोडलं असतं.

पण गर्दी म्हटलं की सरकारला फक्त बंदोबस्त आठवतो, त्याबद्दल बोलायचंय. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा जीव गेला. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूल टीमचे ९७ चाहते त्यात मेले. पोलिसांनी खापर फोडलं कुणावर, तर बघणाऱ्यांवरच. दारू पिऊन आले, गेट तोडलं वगैरे. घरच्यांनी सत्तावीस वर्षं भांडून २०१६ ला ज्युरीकडनं म्हणवून घेतलं की प्रेक्षकांची चूक नव्हती, बंदोबस्ताची होती. मधल्या काळात तिथं मोठ्या क्लबांच्या स्टेडियममध्ये उभं राहून बघणं बंदच करून टाकलं, सगळीकडं खुर्च्या आल्या, तिकिटं महागली, आणि जुने लोक म्हणत राहिले की पूर्वीसारखी मजा नाही. शेवटी २०२२ पासून रेलिंग लावून उभं राहायची जागा परत चालू केली. जर्मनीत डॉर्टमुंडला तर एका बाजूला जवळपास २५ हजार माणसं उभी राहून मॅच बघतात, दर होम मॅचला. म्हणजे उभी गर्दी आणि सुरक्षितपणा दोन्ही जमतं. त्यासाठी रेलिंग लागतं, बाहेर पडायला रुंद वाटा लागतात, आत किती सोडायचे त्याचा हिशोब लागतो. मैदान बंद करणं हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात आळशी उपाय आहे.

आणि खरं सांगू का, आपल्याकडं लाईनवर गर्दी कोण करतं? २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी कोलकात्यात आला होता, सॉल्ट लेक स्टेडियमला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढलेली, आणि आत गेल्यावर मेस्सी दिसेचना, त्याच्याभोवती पुढारी, अधिकारी, सेल्फीवाले यांचा हा एवढा गराडा. तो थोड्या वेळात निघून गेला आणि मग पब्लिकनं बाटल्या फेकल्या, खुर्च्या तोडल्या. खुर्च्या तोडणं चूकच. पण बातम्यांत ते बघताना मला आमचं ते सोफ्याचं स्टेज आठवलं, प्रकार एकच, फक्त तिथं मोठा आणि इथं छोटा. दुसऱ्या दिवशी मेस्सी वानखेडेवर आला, तिथं तुमच्या सरकारनं १३ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी फुटबॉलचा 'प्रोजेक्ट महादेवा' मांडला, छान. २०१७ च्या १५ सप्टेंबरला मिशन वन मिलियन म्हणून सगळ्या महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख पोरं फुटबॉल खेळवायचं ठरलं होतं, शाळाशाळांत बॉल वाटले होते, तेही छान होतं. पण दोन्हीत बघणारा कुठंय? बॉल वाटला, मॅच कुठं बघायची ते कुणी सांगितलं नाही. आमच्या गल्लीतली पोरं रात्री दीडला उठून युरोपातली चॅम्पियन्स लीग बघतात, हालांडचा बूट कुठल्या कंपनीचा ते सांगतात, आणि मागच्या गल्लीतला पोरगा जिल्ह्याकडून खेळतो हे त्यांना मी सांगितल्यावर कळतं. त्यांची काय चूक? त्यांना तो दिसेल अशी जागा कुठं आहे?

क्रीडा संकुलाचंच घ्या. नकाशा असा असतो की मध्ये फुटबॉल, भोवती ४०० मीटरचा ट्रॅक, त्याच्या बाहेर जाळी, जाळीच्या बाहेर गॅलरी. आठ लेनचा ट्रॅक म्हणजे नुसती रुंदीच जवळपास दहा मीटर, वर मधली मोकळी जागा धरा. धावणाऱ्यांना ट्रॅक पाहिजेच, मान्य. पण मॅच बघायला तिथं बसलं की शेवटच्या पंगतीला बसल्यासारखं वाटतं, वास येतो, ताट येत नाही. जिथं दुसरं साधं ग्राउंड आहे तिथं मॅचेस त्या साध्या ग्राउंडवर राहू द्या, सगळं उचलून संकुलात नेऊ नका, आणि त्या साध्या ग्राउंडला तीन बाजूंनी दगडी पायऱ्या आणि एक चांगलं रेलिंग एवढंच करा. त्याला छत नको, एलईडी स्क्रीन नको. बायकांसाठी बाथरूम मात्र पाहिजे, पाणी असलेलं, मॅचच्या दिवशी उघडं असलेलं, हे दोन्ही शब्द टेंडरमध्ये लिहा कारण नाही लिहिले तर होणार नाही.

दुसरं म्हणजे एक साधं परिपत्रक काढा. पाहुण्यांचं स्टेज साईडलाईनला लावायचं नाही, कॉर्नरच्या मागं लावायचं. सत्कार मॅचच्या आधी नाहीतर नंतर. चालू मॅच थांबवायचा अधिकार पंचाला, डॉक्टरला आणि पावसाला. डीजे नको, हलगीवाल्याला मात्र आत सोडा. आणि ग्राउंड प्रदर्शनाला, सभेला, लग्नाला देताय तर देताना खड्डे बुजवून घेण्याची अट घाला, मंडपाच्या खांबाच्या खड्ड्यात पाय जाऊन पोरांचे घोटे मुरगळतात, बघणाऱ्यालाही ते बघवत नाही.

यूट्यूबवर लाईव्ह दाखवतात आता, चांगलंय, परगावी असलो की मीही बघतो. पण त्यात कॅमेरा बॉलच्या मागं असतो. मला बॉल लांब असताना आमचा बॅक काय करतोय ते बघायचं असतं, तो गोलकीला काय ओरडतोय ते ऐकायचं असतं, आणि शेजाऱ्याशी वाद घालायचा असतो. मोबाईलमध्ये कमेंटला वाद होतात, ते वेगळे.

एकदा स्वतःच या की साहेब. आधी कळवू नका, कळवलंत तर लगेच कमानी लागतील. चारच्या आत या, डाव्या बाजूला उभे राहा, तिकडं ऊन डोळ्यावर येत नाही. भडंग आमच्याकडनं. फक्त गाडी रस्त्यालाच लावा, आत आणू नका, टायरनं कॉर्नरची फक्की पुसते आणि ती परत मारणारा माणूस तोवर हमखास चहाला गेलेला असतो.

कळावे,

आपला
एक बघणारा
मिरज, जि. सांगली