मिरजेचा हॉर्न हवाय

स्केनेक्टडी, न्यूयॉर्क
१४ जानेवारी

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगायला लागलो की तू मधेच हसतोस, म्हणून पत्र. हो, पन्नाशीत आगगाडी खेळतोय. बाहेर गुडघाभर बर्फ आहे, दुसरं करणार काय!

तळघरातल्या वीतभर इंजिनात परवा आवाज बसवला. साउंड डिकोडर म्हणजे बोटाच्या पेराएवढं सर्किट. रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही येतात. आपल्या नंबरचा हुकूम आला की ते मोटर फिरवतं, दिवे लावतं आणि खऱ्या इंजिनाचा भरून ठेवलेला आवाज वाजवतं.

पहिला डिकोडर मी जाळला. जुन्या मॉडेलात मोटरचा एक ब्रश, म्हणजे तिला वीज पोचवणारा तुकडा, सरळ चेसिसला टेकलेला असतो, आणि चेसिस रुळाला जोडलेलं. डिकोडर लावायचा तर मोटरची दोन्ही टोकं तिथून सोडवून नारिंगी आणि करड्या वायरीलाच जोडायची. मी वरचा ब्रश सोडवला, खालचा राहिला. मीटर लावून बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही रे! शंभरेक डॉलरचा धूर झाला. हिला सांगितलंय की वास सोल्डरिंगचा होता. तू तोंड उघडू नकोस.

दुसऱ्या खेपेला शहाणा झालो. आधी प्रोग्रामिंगच्या रुळावर, म्हणजे डिकोडरचे आकडे वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर, ठेवलं. तिथे वीज इतकी कमी सोडतात की जोडणी चुकली तरी सहसा काही जळत नाही. नंबर बरोबर वाचला, ३. नवे डिकोडर ३ नंबर घेऊनच येतात. पण आवाज? डास परवडला. स्पीकर ११ बाय १५ मिलिमीटरचा. त्याच्या पाठीकडून निघणारा आवाज पुढच्याला मारतो, म्हणून मागे हवाबंद डबी लागते. माझ्या डबीला कडेला केसाएवढी फट राहिली होती. गोंदाचा एक थेंब लावला, वाळू दिला, आणि परत सुरू केलं.

सुन्या, मी खुर्चीत बसलो ते उठलोच नाही. मॉडेल अल्को कंपनीच्या आरएस-११ या गाडीच्या इंजिनाचं, आत बारा सिलिंडरचं २५१ जातीचं डिझेल इंजिन. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ चं डिझेल इंजिनही याच २५१ घराण्यातलं, सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६४ पासून बनारसला बनायचं, पण मूळ कंपनी या गावची. इथला कारखाना १९६९ मध्ये बंद पडला, त्या जागेवर आता कॅसिनो आहे. पहाटे महालक्ष्मी मिरजेहून सुटताना आधी इंजिन घुमायचं, काळा लोट उठायचा, मग कुठे डबे हलायचे, आठवतं? तसंच व्हावं म्हणून वेग घेण्याचा आकडा, सीव्ही ३, बराच वाढवलाय. आवाज चढतो आणि गाडी सावकाश निघते.

फक्त हॉर्न अमेरिकन आहे. पाच भोंग्यांचा, चर्चमधल्या पेटीसारखा. माझ्या डिकोडरमध्ये दुसरा आवाज भरता येतो, तेव्हा एक काम कर. मिरजेच्या यार्डात एखादं जुनं अल्को अजून शंटिंगला दिसलं तर त्याचा हॉर्न रेकॉर्ड करून पाठव. एक लांब, एक आखूड. जमलं तर नुसतं उभं असतानाचा आवाजही दोनेक मिनिटं घे. आणि फोन हातात धर. बारशाचं रेकॉर्डिंग तू खिशातूनच केलं होतंस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या