तक्रार: पैसे घेतले जंगलाच्या आतले, झोपवलं हमरस्त्याच्या कडेला

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहली विभाग

विषय: कॅनडातील ॲल्गॉन्क्विन उद्यानाच्या 'कनू आणि कॅम्पिंग' सहलीची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी जे बोलणं झालं ते शेवटचं. यापुढे जे असेल ते लेखी.

आपण काय विकतो हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी तुमच्याच पत्रकातलं वाक्य देतो: "कनू लेकवरून वल्हवत उद्यानाच्या अंतर्भागात, रोज नव्या तलावाकाठी तंबू, गाडीचा आवाजसुद्धा नाही." शेजारी फोटो, दोन माणसं कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, डोक्यावर घेऊन झाडीतून चालली आहेत. एका तलावातून दुसऱ्यात जाताना कनू अशी वाहून न्यावी लागते, तिथे त्याला पोर्टेज म्हणतात. मला ते मान्य होतं. आम्ही दोघं त्यासाठी पानशेतला जाऊन वल्हं मारायचा सराव करून आलो होतो.

प्रत्यक्षात तुम्ही आम्हाला लेक ऑफ टू रिव्हर्सच्या कॅम्पग्राउंडवर उतरवलंत. जागा वाईट नाही, पण ती गाडी थेट तंबूपाशी नेणाऱ्यांसाठी आहे, आणि हमरस्ता ६० तिथून हाकेच्या अंतरावर. रात्रभर ट्रकचे आवाज. कनू मिळाली ती कनू लेकच्या धक्क्यावर, तासाच्या भाड्याने, "लांब जाऊ नका, बस थांबलीय" या सूचनेसह. सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचं उद्यान, दोन हजारांवर तलाव, आणि आम्ही धक्का दिसेल इतकंच गेलो.

कारण साधं आहे. अंतर्भागात राहायला परवाना लागतो आणि तो तुम्ही काढलाच नव्हता. कुठल्या रात्री कुठल्या तलावावर, हे त्या परवान्यावर लिहिलेलं असतं. पाच महिने आधी आरक्षण उघडतं. तुमच्या सहल व्यवस्थापकाने आम्हाला सांगितलं, "पार्कवाल्यांनी ऐनवेळी रद्द केलं." मी गेटवर स्वतः विचारलं. आमच्या गटाच्या नावाने अंतर्भागाचं काहीच नव्हतं. रद्द होण्यासाठी आधी काही असावं लागतं.

बरं, हे ऐनवेळचं नव्हतं याचा पुरावा तुमच्याच शिध्यात होता. राजम्याचे टिनचे डबे आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्या! त्या उद्यानाच्या अंतर्भागात डबे आणि बाटल्या न्यायला बंदी आहे, हे नियमांचं पहिलं पान वाचणाऱ्यालाही कळतं. शिवाय तिथे एका जागेवर नऊच माणसं राहू शकतात. आम्ही चौदा होतो, सगळ्यांसाठी तुम्ही मंडप म्हणावा असा एकच जेवणाचा तंबू पाठवलात. म्हणजे पुण्यात सामान भरलं तेव्हाच, आत जायचं नाही हे ठरलेलं होतं. अस्वलांपासून शिधा वाचवायला तो उंच झाडाला टांगतात, म्हणून माझ्या बायकोने पदरचे पैसे घालून चांगली दोरी घेतली होती. तिच्यावर कपडे वाळले.

मे अखेरीला नेलंत त्याबद्दल वेगळं लिहिण्याचं मी टाळणार होतो. "आल्हाददायक हवा" असं छापलं होतंत. चावणाऱ्या काळ्या माश्यांचा हंगाम ऐन भरात होता. जाळीची टोपी आणा, एवढी एक ओळ यादीत घातली असतीत तरी चाललं असतं. यादीत गॉगल आणि शाल होती.

आता आजचा फोन. तुमचे जे 'सीनियर' साहेब लाइनवर आले, त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो.

"काका, तलाव तर बघितलात ना?"

मी म्हटलं, बघितला, काठावरून.

"मग आतलं पाणी आणि काठाचं पाणी तेच ना, काका?"

मी गप्प राहिलो. मला वाटलं, लाइन खराब असेल, मीच चुकीचं ऐकलं असेन. तर त्यांनी पुढे सुरू केलं: "उलट तुमचा फायदा झाला. रस्त्याच्या कडेला होतात म्हणून मूस दिसला. आत दिसलाच असता याची गॅरंटी नाही."

साहेब, मूस म्हणजे तिथलं अवाढव्य हरीण. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते वितळून कडेच्या चरात साठतं, आणि बर्फ गेला की मूस ते चाटायला येतात. ते मिठासाठी आले होते. तुमच्या कंपनीच्या सौजन्याने आले नव्हते. हे मी त्यांना सांगितलं, तर मागे कुणीतरी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मग म्हणाले, "काका, तुमचा अभ्यास दांडगा आहे, तुम्ही पुढच्या सहलीला गाइड म्हणून या." आणि वर पाच हजारांचं काश्मीरचं कूपन. मी त्यांचा काका नाही. काश्मीरला माझी मुलगी मला नेणार आहे, आणि ती परवाने काढते.

परवान्याचं पुन्हा लिहितो, कारण फोनवर प्रत्येकाने तेवढाच विषय टाळला. तो परवाना माणशी, एका रात्रीला, एका पिझ्झाच्या किमतीइतकाही पडत नाही. लाखांत पैसे घेऊन तुम्ही तेवढे वाचवलेत. आमच्या आईवडिलांना चारधामला नेलं ते तुम्हीच. तुमच्या माणसाने तेव्हा बाबांना बद्रीनाथच्या पायऱ्या हाताला धरून चढवल्या होत्या. त्या नावावर विसंबून आम्ही दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही.

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. पत्रक, पावती, शिध्याच्या डब्यांचे फोटो, सगळं जपून ठेवलंय. सहप्रवाशांपैकी बहुतेकजण सही करायला तयार आहेत.

बुकिंग क्रमांक तुमच्याकडे आहेच.

आपला,
(अजून तरी) ग्राहक

ता. क. पुढच्या मेमधल्या याच सहलीची जाहिरात आत्ताच व्हॉट्सॲपवर आली, "मोजक्याच जागा शिल्लक". मे अखेरच्या तारखांचं आरक्षण डिसेंबर अखेरीस उघडतं. त्या लोकांसाठी तरी परवाना काढा.