काइटसर्फिंगमधला खरा धोका वाळूवर

महोदय,

हंगामात दुपारचा वारा धरला की गोव्यातल्या मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइट, म्हणजे फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारे मोठे पतंग, दिसू लागतात. बघणाऱ्यांना धास्ती खोल पाण्याची वाटते. पण हाडे मोडतात, डोकी फुटतात ती जास्त करून वाळूवर, काइट चढवताना किंवा उतरवताना. पाण्यावर आपटलेला माणूस बहुतेकदा उठतो. शॅकच्या खांबावर किंवा ओढून ठेवलेल्या होडीवर आपटलेला उठेलच असे नाही.

कारण साधे आहे. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 12 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) वारा 17 वर गेला की ओढ दुप्पट होते. साधारण 75 किलोच्या माणसाला 15 नॉटमध्ये 11-12 चौरस मीटरचा काइट पुरतो. तोच काइट 25 नॉटच्या झोतात त्याला उचलून नेऊ शकतो. त्यामुळे काइट डोक्यावर सरळ धरून वाळूवर गप्पा मारत उभे राहणे ही ऐट नव्हे, निव्वळ मूर्खपणा आहे. काइट समुद्राच्या बाजूला, खाली ठेवावा आणि लगेच पाण्यात शिरावे.

चढवताना हमखास कुणा पर्यटकाला ‘जरा धरा हो’ म्हटले जाते. धरणाऱ्याने एवढे तरी जाणावे: पुढची हवा भरलेली कड मधोमध धरायची, दोऱ्यांच्या आत उभे राहायचे नाही आणि चालकाने अंगठा दाखवल्यावर काइट नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. कापड नुसतेच फडफडत असेल तर चालकाने जागा थोडी बदलली की जमते. मात्र कापड ताठ फुगून दोऱ्या जोरात ओढत असतील तर काइट वाऱ्याच्या ऐन झोतात आहे. तेव्हा अंगठा दिसला तरी सोडू नये. सोडण्यापूर्वी चालकाने चारही दोऱ्या बारपासून (हातात धरायच्या दांड्यापासून) काइटपर्यंत नजरेने तपासाव्यात. एक जरी उलटी बांधलेली असेल तर काइट गरगर फिरतो आणि प्रत्येक फेरीला माणसाला हिसका देतो.

अशा वेळी बार घट्ट धरून ठेवावासा वाटतो. तिथेच घात होतो. पोटाजवळची सुटका-कळ पुढे ढकलली की काइट एकाच दोरीवर लोंबकळतो आणि ओढ जवळजवळ संपते. तरीही ओढतच असेल तर लीशची (काइटला अंगाशी जोडणाऱ्या सुरक्षा-दोरीची) दुसरी कळ दाबून काइट सोडून द्यायचा. या कळांसाठी आयएसओ 21853 हे मानक 2020 मध्ये आले. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे जुने बार त्याआधीचे असतात. नव्या कळीतही वाळू अडकतेच. म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी एकदा खरोखर उघडून बघावी.

आता वाऱ्याची दिशा. सकाळचे मतलई वारे जमिनीकडून वाहतात. त्यात काही बिघडले तर माणूस थेट अरबी समुद्रात जातो, म्हणून सकाळी उतरूच नये. दुपारचे खारे वारे किनाऱ्याकडे तिरके येतात, ते बरे. पण शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर ओढते, तिथे दुपारीही जपून. मे महिन्यातला वळीव सगळ्यात फसवा: वारा आधी पडतो आणि मग ढगापुढून एकदम झोत येतो. पूर्वेला काळे दिसले की काइट उतरवून हवा काढून टाकावी. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये.

पाण्यात काइट निकामी झाला तर आधी सुटका-कळ, मग सुरक्षेची एकच दोरी ओढत बारवर गुंडाळायची. हाताला कधीही गुंडाळू नये, ताणलेली दोरी मांजासारखी बोट कापते. काइटपर्यंत पोहोचलात की तोच तराफा आणि तेच शीड. हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) दोरी कापायची आकडी-सुरी असावीच. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) दोरात अडकल्यावर दुसरे काही कामाला येत नाही. फळीला लीश बांधू नये, ती उलटून डोक्यात बसते.

पंचायत आणि पर्यटन खात्याकडे मागणी एकच आहे. काइट चढवायला किनाऱ्याचा एक ठरावीक पट्टा आखून द्यावा, वारा ज्या दिशेला जातो तिकडे किमान 50 मीटर, म्हणजे दोऱ्यांच्या लांबीच्या दुप्पट, जागा खाट-छत्र्यांविना मोकळी राहावी आणि तिथे मराठी, कोकणी, इंग्रजी, रशियन भाषांत फलक लावावा. कासवांच्या अंड्यांची जागा अर्थात त्यातून वगळावी.

कुणी काइट सोडून पोहत सुखरूप परतला तर त्याने जीवरक्षकांना लगेच सांगावे, नाहीतर तरंगता रिकामा काइट पाहून त्याचाच शोध सुरू होतो. किनाऱ्यावरून कुणी दूर वाहत जाताना दिसले तर त्याच्यामागे पोहत जाऊ नये. जीवरक्षकांना हाक द्यावी, ते नसतील तर तटरक्षक दलाच्या 1554 किंवा 112 वर फोन करावा आणि बोलणाऱ्याने माणसावरची नजर हलवू नये.

— एक काइटसर्फिंग प्रशिक्षक, पेडणे