नाही म्हणायला जागा होती

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

"त्यांच्या हातात काही नव्हतं, नाहीतर त्यांनाच गोळी घातली असती," असं तू परवा फोनवर हिटलरच्या राजवटीतल्या साध्या जर्मन माणसांबद्दल म्हणालीस. मला ते पटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

१३ जुलै १९४२. पोलंडमधलं युझेफूव गाव. तिथे हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी आली, जेमतेम ५०० माणसं. बरेचसे चाळिशीच्या आसपासचे, संसारी. कुणी गोदीत काम केलेला, कुणी ट्रक चालवणारा. गावातल्या ज्यू बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या आहेत, असं मेजर ट्राप यांनी पहाटे सांगितलं. वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्यांना जमणार नसेल त्यांनी बाजूला व्हावं, असंही सांगितलं. सुमारे १२ जण बाजूला झाले. त्यांना शिक्षा झाली नाही. काही जण नंतर कामातून निसटले. बाकीच्यांनी दिवसभरात सुमारे १५०० माणसं मारली. सोबत्यांसमोर भित्रं ठरू नये, एवढं कारण अनेकांना पुरलं. युद्धानंतरच्या खटल्यांत, असा नकार दिला म्हणून कुणाला गोळी घातल्याचं एकही उदाहरण बचावाच्या वकिलांना दाखवता आलं नाही.

पण मला जास्त छळतं ते त्यांचं शहर. हाकलून नेलेल्या ज्यूंचं फर्निचर, कपडे, भांडी हॅम्बुर्गमध्ये जाहीर लिलावात विकली जात. शहर आणि आसपासच्या किमान १ लाख लोकांनी ती घेतली. तिथे बंदूक कुणी रोखली नव्हती. आणि एकदा कुणाचं कपाट आपल्या घरात आलं, की तो माणूस परत येऊ नये असंच आतून वाटू लागतं. १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, तेव्हा त्या रिकाम्या जागांवर बसलेल्यांनाही असंच वाटलं असेल.

ज्यूंना छावण्यांकडे नेण्यासाठी जर्मन रेल्वेने तर भाडं लावलं: तिसऱ्या वर्गाचं, किलोमीटरवर, चार वर्षांखालच्या मुलांना माफ. कुणीतरी टेबलाशी बसून तो हिशोब केला.

बर्लिनच्या रोझेनस्ट्रास या रस्त्यावर १९४३ मध्ये जर्मन बायका आपल्या अटकेतल्या ज्यू नवऱ्यांसाठी दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. त्यातले जवळपास सगळे सुटले. केवळ त्यामुळेच का, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्या बायकांवर गोळ्या झाडल्या नाहीत, यावर नाही.

आता तुझ्या नव्या नोकरीत लोकांची माहिती तुझ्या हातून जाणार. कुठलीही यादी मागितली तर ती कशासाठी हवी आहे, ते आधी विचार. धड उत्तर मिळालं नाही तर सही करू नकोस, आणि रात्र असली तरी मला फोन कर.

तुझी,
आई